जुना फ्रिज आणि बिअरची थंडी

घरच्या घरी बिअर करणाऱ्या अमेरिकन आणि इंग्रज हौशी मंडळींनी गेल्या चाळीसेक वर्षांत लिहिलेली हस्तपुस्तके चाळली, तर त्यांत एक वस्तू पुन्हापुन्हा भेटते. ती म्हणजे स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला जुना फ्रिज. घरात नवा फ्रिज आला की जुना गॅरेजमध्ये ढकलला जातो. त्याच्या जाळ्या निघतात, भाजीचा खण निघतो आणि आत वीस-बावीस लिटरचे एक भांडे बसेल एवढी जागा होते. भांड्यात माल्टचा, हॉप्स घालून उकळलेला आणि मग निववलेला गोड काढा असतो. त्यात यीस्ट सोडलेले असते. फ्रिजची तार भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट न जाता मध्येच एका लहानशा पेटीला जोडलेली असते आणि त्या पेटीवर एक आकडा उमटलेला असतो : १८, किंवा ११. (शीतकपाट हा शब्द आपल्या कोशांत आहे, पण तो कोणाच्या स्वयंपाकघरात नांदला नाही. तेव्हा येथे फ्रिजच म्हणू.)

ही पेटी का लागते ते आधी सांगायला हवे, कारण पुढचा सारा इतिहास त्या एका गरजेभोवती फिरतो. फ्रिज दूध आणि भाजी टिकवण्यासाठी बनलेला. आतले तापमान चार-पाच अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे अशी त्याची घडण. एवढ्या थंडीत बहुतेक यीस्ट निपचित पडते. इंग्रजी वळणाच्या एल बिअरला साधारण १८ ते २० अंश हवेत, जर्मन वळणाच्या लागर बिअरला ८ ते १३. हे आकडे फ्रिजच्या बटणावर नसतातच. म्हणून त्याला स्वतःच्या अकलेने चालू न देता बाहेरची पेटी त्याची वीज जोडते आणि तोडते. पेटीची तापमान मोजणारी तार भांड्याच्या अंगाला चिकटवतात आणि वरून स्पंजचा तुकडा बांधतात. आतल्या हवेत ती नुसती लोंबकळत ठेवली तर फसगत होते. कारण किण्वन स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि ऐन भरातले भांडे भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज गरम असते. आकडा अंशभर वर गेला की कॉम्प्रेसर सुरू, ठरल्या जागी आला की बंद. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू केला तर त्यावर ताण येऊन तो जळू शकतो, म्हणून पेटी मध्ये काही मिनिटे थांबते. तंत्र एवढेच आहे.

पुण्याच्या डिसेंबरात ज्यांनी विरजण लावले आहे त्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. पातेले पंचात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवायचे, आणि मे महिन्यात तेच दही दुपारपर्यंत आंबून जाते. बिअरचे प्रकरण मात्र याहून नाजूक आहे. उष्णता वाढली की यीस्ट घाईने काम उरकते आणि त्या घाईत नको ती अल्कोहोले तयार होतात; बिअर जिभेवर तिखट लागते आणि दुसऱ्या दिवशी डोके धरायला लावते. फळांसारखे वास येतात, तेही उष्णतेने वाढतात. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा वास हवाहवासा मानला जातो. लागरमध्ये तोच वास म्हणजे दोष. उलट थंडी फार झाली की साखर तशीच उरते, किंवा लोण्यासारखा एक वास मागे राहतो आणि तो घालवण्यासाठी शेवटचे दोन-तीन दिवस भांडे जरा ऊबदार ठेवावे लागते. थोडक्यात, पाणी, धान्य, हॉप्स आणि यीस्ट सारे तेच असूनही तीन-चार अंशांच्या फरकाने दोन निराळी पेये तयार होतात.

या जुन्या फ्रिजचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कोठून करावी? रूढ पद्धत शोधकापासून सुरुवात करण्याची आहे : अमुक साली अमुकाने यंत्र बनवले, जग बदलले. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात या पद्धतीला हरकत घेतली. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधाच्या क्षणाचा न लिहिता वापराचा लिहावा, दुरुस्तीचा आणि टिकून राहिलेल्या जुन्या वस्तूंचा लिहावा, असा त्याचा आग्रह आहे. आपला फ्रिज या आग्रहाला चांगले उदाहरण पुरवतो. थंडी निर्माण करणारे यंत्र ज्या धंद्याच्या गरजेतून आणि ज्याच्या पैशातून कामाला लागले, त्यात बिअरचा धंदा अगदी पुढे होता. दूध आणि भाजी त्या यंत्रात पुष्कळ नंतर आली. म्हणजे गॅरेजमधला माणूस फ्रिजचा गैरवापर करतो आहे असे दिसत असले, तरी तो त्याला मूळ कामावर परत नेतो आहे. त्याला स्वतःला हे बहुधा ठाऊक नसते.

यंत्रापूर्वी थंडी ऋतूच्या हाती होती. बव्हेरियाचा १५१६ चा शुद्धतेचा हुकूम सर्वश्रुत आहे. जाहिरातींनी तो पुरेसा मिरवला आहे. त्याहून परिणामकारक ठरलेला हुकूम १५५३ चा, आणि त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याच्या कारकिर्दीत असे ठरले की बिअर फक्त २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या सणापर्यंतच करावी. उन्हाळ्यात केलेली बिअर आंबून बिघडते हा अनुभव होता. त्याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. कारण माहीत नसताना केलेला हा कायदा सुमारे तीनशे वर्षे टिकला, आणि या काळात त्याने असे एक काम केले जे त्याच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसेल.

वर्षानुवर्षे केवळ थंडीत किण्वन होत राहिल्याने थंडीत काम करणारे यीस्टच पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत गेले असावे, असा आजचा तर्क आहे. लागरचे यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पूर्वज पाव आणि एलचे नेहमीचे यीस्ट. दुसरा, थंडी सोसणारा, कित्येक वर्षे सापडत नव्हता. २०११ साली तो सापडला तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियाच्या जंगलात, बीचसारख्या झाडांवर वाढणाऱ्या गाठींत. बव्हेरियाच्या तळघरात पॅटागोनियाचे यीस्ट कसे पोहोचले, यावर मग बरीच चर्चा झाली. पुढे तेच यीस्ट तिबेटात आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आयर्लंडमध्ये डब्लिनच्या मातीतही मिळाले, तेव्हा अटलांटिक ओलांडण्याची गरज उरली नाही. असो. मुद्दा असा की पंचांगाला बांधलेल्या एका सरकारी हुकमाने सूक्ष्म जीवांची निवड केली, आणि आजच्या जगात खपणाऱ्या बहुतांश बिअरचे यीस्ट त्या निवडीची संतती आहे. गॅरेजमधल्या पेटीवरचा ११ हा आकडा त्या जीवाच्या सवयीचा आकडा आहे.

एप्रिलमध्ये भट्टी थांबायची, पण तहान उन्हाळ्यातच लागायची. म्हणून मार्चमध्ये केलेली जास्त कसाची बिअर उन्हाळाभर साठवून ठेवावी लागे. लागर या शब्दाचे मूळ साठवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदात आहे. त्यासाठी म्युनिकच्या परिसरात टेकाडांच्या पोटात तळघरे खोदली गेली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापून आणून आत रचीत. वर खडी पसरीत आणि सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावीत, म्हणजे जमीन तापू नये. पुढे त्या सावलीत बाके आली आणि पिणारेही आले. बव्हेरियाच्या प्रसिद्ध बिअर-बागा अशा जन्मल्या. पर्यटक ज्या झाडांखाली बसून छायाचित्रे काढतात ती झाडे एका अर्थी फ्रिजचे सुटे भाग होत.

थंडी मिळवणे एक आणि ती मोजणे दुसरे. मोजण्याचे काम इंग्लंडमध्ये आधी झाले. लंडनच्या ब्रुअरी अठराव्या शतकातच अवाढव्य झाल्या होत्या. मायकेल कॉम्ब्रुन या ब्रुअरने १७५८ आणि १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तापमापकाचा पुरस्कार केला. तोवर जुने कारागीर काढ्याची उष्णता हाताने जोखीत, वाफ विरून पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की वेळ झाली असे समजत. १८३३ साली म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचा तरुण वारस गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंतोन ड्रेअर हे दोघे इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर आले. यजमान कारखाना दाखवीत, आकडे दाखवीत नसत. तेव्हा या दोघांनी आतून पोकळ अशी काठी करवून घेतली. ती किण्वनाच्या हौदात बुडवायची, आत भरलेला नमुना मुक्कामावर नेऊन मोजायचा. औद्योगिक हेरगिरीचा हा किस्सा रंगवून सांगितला जातो, पण मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी कृती चोरली नाही, आकडा चोरला. इतकी वर्षे हातात आणि नजरेत असलेले ज्ञान आकड्यात उतरल्यामुळे ते काठीत भरून परक्या देशी नेता येण्याजोगे झाले होते.

याच आकड्याच्या शिस्तीतून भौतिकशास्त्राला एक माणूस मिळाला. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधल्या ब्रुअरीच्या मालकाचा मुलगा. पाणी ढवळल्याने ते किती तापते हे त्याने १८४०च्या दशकात मोजले, आणि हा फरक फॅरनहाइटच्या अंशाच्या अगदी लहान अंशाएवढा होता. एवढा सूक्ष्म फरक वाचता येतो यावर विद्वानांचा विश्वास बसेना. ऑटो सिबम या इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूलची उपकरणे पुन्हा बनवून ते प्रयोग करून पाहिले आणि असे मांडले की ज्यूलचा हात ब्रुअरीत तयार झाला होता; तापमानाचे बारकावे जपणे हा त्याच्या घरचा धंदा होता. शाळेच्या पुस्तकात ज्यूल येतो तो एकक म्हणून. बिअरचा उल्लेख तेथे नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थंडी बाजारात आली. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांतला बर्फ भुशात बांधून जहाजांनी विकायला सुरुवात केली. १८३३ सालच्या मे महिन्यात त्याचे 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले. त्यातला निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत होता. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही बर्फघरे उभी राहिली. मद्रासची इमारत आजही उभी आहे आणि १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा तेथे मुक्काम झाला म्हणून ओळखली जाते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा बर्फ अन्य वाटेने परिचित असतो. थोरोच्या 'वॉल्डन'मध्ये, १८४६-४७च्या हिवाळ्यात मजुरांच्या टोळ्या येऊन त्याचे तळे कापून नेतात, आणि मद्रास, मुंबई, कलकत्त्याची उकाड्याने हैराण माणसे आपल्या विहिरीचे पाणी पितात असे त्याच्या मनात येते. वर्गात हा परिच्छेद पूर्व-पश्चिमेच्या आध्यात्मिक संगमासाठी शिकवला जातो, कारण लगेच भगवद्गीतेचा उल्लेख येतो. तळे कापणाऱ्यांच्या हिशेबाची वही मात्र कोणी उघडत नाही.

भारतात हा महागडा बर्फ साहेबांच्या पेल्यापुरता होता. त्यावर किण्वनाचे हौद गार करणे परवडण्यासारखे नव्हते. मग ब्रुअरीच थंडीकडे गेली. एडवर्ड डायर याने १८५०च्या दशकात हिमालयात कसौली येथे बिअरचा कारखाना काढला. १८६० साली मरीजवळ घोडा गली येथे दुसरी ब्रुअरी निघाली आणि तिचा कारभारही त्याने पाहिला. हवा थंड, झऱ्याचे पाणी चांगले आणि छावण्यांतले तहानलेले गोरे सैनिक आसपास. त्या मरीत १८६४ साली डायरच्या घरी जन्मलेला मुलगा रेजिनाल्ड. १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा तो हाच. बापाच्या धंद्याचा मुलाच्या कृत्याशी कार्यकारणसंबंध जोडण्यात अर्थ नाही. तरी वसाहतीच्या इतिहासात डोंगरावरची थंड हवा, सैन्य आणि बिअर किती जवळजवळ राहत होती, हे या एका घराण्यावरून दिसते.

आता यंत्राकडे. म्युनिकच्या तंत्रशाळेत शिकवणाऱ्या कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकाने १८७०-७१च्या सुमारास कृत्रिम थंडीच्या गणितावर लेख लिहिले. ते वाचून त्याच्याकडे आले ते ब्रुअर. पैसे आणि प्रयोगाला जागा दिली श्पाटेनच्या झेडलमायरने, तोच, पोकळ काठीवाला, आता साठी ओलांडलेला. ड्रेअरची ट्रिएस्टमधली ब्रुअरीही या व्यवहारात होती. श्पाटेनमध्ये १८७३ साली चाचणीला लागलेल्या पहिल्या यंत्रात मिथाइल ईथर वापरले होते. ते पेट घेण्याची भीती होती. १८७६ पर्यंत लिंडे अमोनियाकडे वळला आणि यंत्र भरवशाचे झाले. १८७९ साली त्याने नोकरी सोडून कंपनी काढली. तिची सुरुवातीची गिऱ्हाइके मुख्यतः ब्रुअरीच होती. लिंडे पहिला होता असे नव्हे. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसनने १८५०च्या दशकातच शीतयंत्रे बनवली होती, आणि त्याच्याही गिऱ्हाइकांत ब्रुअर होते. याच काळात पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ आला (१८७६). आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियान हान्सेनने १८८३ साली यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवून दाखवले. कार्ल्सबर्गचे मूळ यीस्ट १८४५ साली याच झेडलमायरकडून आले होते. जे. सी. याकोब्सेनने ते टोपीच्या पेटीत ठेवून, वाटेत जागोजागी गार पाणी घालत घोडागाडीने डेन्मार्कला नेले, अशी कथा सांगतात. फिरता फ्रिज म्हणायचा तो हाच.

१५५३ चे पंचांग यंत्राने निरर्थक केले. जुलैमध्येही लागर होऊ लागली. केवळ म्युनिकमध्ये नव्हे, पैसा असेल तेथे. ही अट महत्त्वाची आहे. लिंडेचे यंत्र वाफेवर चालणारे, खोलीभर जागा व्यापणारे आणि महाग. ज्या गावठी ब्रुअरीकडे केवळ चांगले तळघर होते, तिचे तळघर एकाएकी कवडीमोलाचे झाले. अमेरिकेत १८७३ साली ४,१३१ ब्रुअरी होत्या; १९७०च्या दशकाच्या अखेरीस शंभरही उरल्या नाहीत. याला एकटे शीतयंत्र कारण नाही. रेल्वे, बाटलीबंद माल, जाहिरात आणि १९२० ते १९३३ ची दारूबंदी ही सारी कारणे आहेत. पण देशभर एकाच चवीची फिकट लागर विकणे शक्य झाले ते थंडी यंत्राच्या ताब्यात गेल्यामुळे. येथे मला थोडी हळहळ वाटते, ती गावोगावच्या बिअरपेक्षा गावोगावच्या हवामानाबद्दल. हवामानाची चव असते, हे त्या काळात विसरले गेले.

त्याची एक खूण सान फ्रान्सिस्कोत राहिली होती. सोन्याच्या शोधात आलेल्या गर्दीबरोबर जर्मन ब्रुअर आले, लागरचे यीस्टही आले. तेथे बर्फ मात्र नव्हता. मग त्यांनी उथळ, पसरट हौदांत समुद्रावरून येणाऱ्या गार हवेवर किण्वन केले. थंडीतले यीस्ट उबेत राबवल्याने जी बिअर झाली तिला स्टीम बिअर म्हणत. ती टंचाईतून आलेली, आणि म्हणून खास तिथली. फ्रिट्झ मेटॅगने १९६५ साली बुडत असलेली अँकर ब्रुअरी घेऊन ती जगवली आणि पुढच्या पिढीच्या छोट्या ब्रुअरांनी त्याला गुरुस्थानी मानले. २०२३ साली अँकरचे काम थांबले. पुढल्या वर्षी ती नव्या मालकाकडे गेली.

यंत्र स्वयंपाकघरात शिरले ते विसाव्या शतकात, विजेच्या खांद्यावर बसून. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८०च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला होता : फ्रिज घरघरतो का? गॅसच्या ज्योतीवर चालणारे, आवाज न करणारे आणि झिजणारे भाग नसलेले फ्रिजही तेव्हा उपलब्ध होते. मग घराघरांत कॉम्प्रेसरच का आला? कोवन यांचे उत्तर असे की जनरल इलेक्ट्रिकसारख्या बड्या विद्युत कंपन्यांनी त्यामागे भांडवल आणि जाहिरात उभी केली (त्यांचा प्रसिद्ध 'मॉनिटर टॉप' १९२७ चा), आणि रात्रंदिवस चालणारे उपकरण घरात असणे वीज विकणाऱ्यांच्या सोयीचे होते. गृहिणीच्या सोयीने हा निर्णय झाला नव्हता. बिअर करणाऱ्याला मात्र या निर्णयाचा आयता लाभ झाला. वीज तोडली की कॉम्प्रेसर मुकाट थांबतो, जोडली की चालू लागतो. म्हणूनच बाहेरची पेटी त्याला हुकूम देऊ शकते.

पण त्याआधी कायदा आडवा होता. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरला परवाना लागे. तो १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर राहून गेली. ही चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केली आणि १९७९ पासून एका कुटुंबाला वर्षाला २०० गॅलनांपर्यंत बिअर स्वतःपुरती करण्याची मोकळीक मिळाली. राज्यांचे कायदे वेगळेच. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्ये वळली २०१३ साली. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याविना मद्य करणे गुन्हाच आहे. प्रस्तुत लेख वाचनापुरता.) कायदा सुटला तोवर जवळजवळ प्रत्येक अमेरिकन घरात फ्रिज होता, कित्येकांत दुसरा आलेला होता, आणि पहिला गॅरेजमध्ये पडून होता. चार्ली पपाझियन यांचे या छंदाचे बायबल समजले जाणारे पुस्तक १९८४ चे. घरगुती बिअरची लाट आणि भंगारातल्या फ्रिजची लाट एकाच सुमारास आली. पहिलीला दुसरीने बळ दिले असे मी म्हणेन. अर्थात हा माझा निष्कर्ष आहे.

येथे एक गोष्ट खटकते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जुडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल करणे हा मुख्यतः बायकांचा उद्योग होता. घरात चूल पेटलेलीच असे, उरलेली एल दारात विकली जाई. हॉप्स, भांडवल आणि मोठा बाजार आला तसतशा बायका या धंद्यातून बाहेर गेल्या. विसाव्या शतकात बिअर घरी परतली, पण स्वयंपाकघरात नव्हे. गॅरेजमध्ये, अवजारांच्या फळीशेजारी, आणि बहुतांशी पुरुषाच्या छंदाच्या रूपाने. फ्रिजनेही तोच प्रवास केला. लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ साली 'ब्रिकोलर'ची कल्पना मांडली, म्हणजे हाताशी असलेल्या तुकड्यांतून काम भागवणारा. आपल्या वर्गांत ती जुगाड या शब्दाने समजावतात आणि तिचे कौतुक होते. हाताशी काय पडले आहे हे मात्र कोणाच्या घरात काय टाकून देण्याइतके जास्त आहे यावर ठरते. ज्या घरात एकच फ्रिज आहे तेथे हा जुगाड संभवत नाही.

टाकून दिलेल्या फ्रिजला त्याची स्वतःची काळी बाजूही आहे. पूर्वी त्यांची दारे खटक्याने बंद होत आणि आतून उघडत नसत. लपाछपी खेळताना आत शिरलेली मुले गुदमरून मेली. अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला की दार आतून ढकलून उघडता आले पाहिजे. त्यानंतर रबरी कडेची लोहचुंबकी दारे रूढ झाली. त्या आधीच्या यंत्रांच्या मोहात कोणी पडू नये. दुसरी सूचना, तारेसाठी बाजूच्या भिंतीला भोक पाडू नये. तेथे वायूच्या नळ्या असू शकतात, एक नळी फुटली की सारे संपले. ओझोनला मारक असलेल्या जुन्या वायूंवर १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर बंधने आली, त्यामुळे तो वायू भरलेला फ्रिज फुटला तर नुकसान एका बिअरपुरते नसते. जाणते लोक तार दाराच्या रबरी फटीतून आत नेतात.

त्या नियंत्रक पेटीला बहुधा दोन सॉकेट असतात. एकात फ्रिज. दुसरे सॉकेट कशाला, असे नवशिक्याला वाटते. मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या राज्यात जानेवारीत गॅरेजमध्ये पारा शून्याच्या खाली जातो आणि एलला तर १८ अंश हवेत. मग दुसऱ्या सॉकेटला गरम होणारा एक पट्टा किंवा साधा दिवा जोडून तो आत ठेवतात, दिवा असेल तर उजेडाने हॉप्सचा वास बिघडू नये म्हणून त्यावर पत्र्याचा डबा पालथा घालतात. असा फ्रिज आठवडेच्या आठवडे एकदाही घरघरत नाही. बाहेर बर्फ पडत असतो आणि आत भांड्याच्या झाकणातल्या नळीतून वायूचे बुडबुडे निघत असतात.